भाषा शिक्षकांसाठी ब्लॉग: टाचणात जे येत नाही ते लिहायचं कसं

आपल्याकडे शिक्षकाचा ब्लॉग म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, तर जीआर, परिपत्रकं, घटक चाचण्या, निकालाच्या एक्सेल शीट आणि आकारिकच्या, म्हणजे वर्षभर मुलांचं निरीक्षण करून करायच्या मूल्यमापनाच्या, तयार वर्णनात्मक नोंदींची पीडीएफ. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, त्याच सुमारास तंत्रस्नेही शिक्षक हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला आणि गावोगावच्या गुरुजींनी धडाधड ब्लॉग काढले. त्यांचे उपकार आहेतच, ऐन वेळेला निकालपत्रक मिळालं नाही तर काय होतं ते आपल्याला माहितीये. पण खरं सांगायचं तर दुसऱ्याने लिहिलेल्या वर्णनात्मक नोंदी आपल्या मुलांच्या नावासमोर चिकटवून कुणाचं शिकवणं सुधारलेलं मी तरी पाहिलं नाही, चिकटवणाऱ्याचं नाही आणि अपलोड करणाऱ्याचंही नाही.

मी इथे ज्या ब्लॉगबद्दल लिहितेय तो वेगळा. मराठी, इंग्रजी, हिंदी, उर्दू, जी काही भाषा तुम्ही शिकवता त्या तासाला खरोखर काय घडलं ते लिहायचा ब्लॉग. टाचणात आपण उद्या काय शिकवणार ते लिहितो, शेरेबुकात साहेब काय म्हणाले ते असतं, आणि वर्गात खरंच काय झालं ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं, ते घरी येता येता बसमध्येच विरून जातं. ब्लॉग त्याच्यासाठी.

आधी हे करायचं कशाला

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये म्हटलंय की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास सतत व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. आपल्याकडे ते तास बहुतेक वेळा वरून आलेल्या प्रशिक्षणात जातात, निष्ठा हे सरकारी शिक्षक-प्रशिक्षण असेल, दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स असतील, आणि त्यातलं काही खरंच चांगलं असतं. पण तिथे प्रश्न दुसऱ्याने ठरवलेला असतो. तुमच्या सहावी ब मधली मुलं सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप) का चुकवतात हा प्रश्न कुठल्याच मॉड्यूलमध्ये येणार नाही, तो तुम्हालाच काढावा लागतो.

भाषा शिकवण्याच्या क्षेत्रात एन. एस. प्रभू हे आपल्याकडचं मोठं नाव. १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर प्रकल्प म्हणून जो प्रयोग दक्षिणेतल्या साध्यासुध्या शाळांमध्ये झाला तो त्यांचा, व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रकं असली कामं मुलांना देऊन त्यातून इंग्रजी येतं का ते बघायचं असा. नंतर १९९० ला त्यांनी एका लेखात मांडलं की सगळ्यांसाठी एकच सर्वोत्तम पद्धत असं काही नसतं, बघायचं ते हे की शिक्षकाला स्वतःला आपलं शिकवणं पटतंय का, मुलं कशी शिकतात याबद्दल त्याची स्वतःची काही समज आहे का, की तो नुसतं उरकतोय. पद्धत चुकीची असण्यापेक्षा शिकवणं यांत्रिक होणं जास्त घातक. ब्लॉग लिहायचा तो ही स्वतःची समज जागी ठेवायला. प्रमाणपत्र मिळत नाही, वेतनश्रेणीत फरक पडत नाही, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर चिडचिड नको.

पहिली पायरी: ऑनलाइन काहीच करू नका

लगेच ब्लॉग उघडू नका. नवीन माणूस पहिल्या दिवशी थीम निवडतो, हेडरला सरस्वतीचा फोटो लावतो, ‘माझ्याविषयी’ लिहितो आणि तिथेच दम संपतो, मग ब्लॉगवर वर्षानुवर्षं ‘नमस्कार, माझ्या ब्लॉगवर आपले स्वागत आहे’ एवढी एकच पोस्ट.

त्यापेक्षा दोन आठवडे एक छोटी वही किंवा मोबाइलमधलं नोट्सचं ॲप घ्या आणि रोज तास संपला की दोन ओळी टाका. मूल जे बोललं किंवा त्याने जे लिहिलं ते जसंच्या तसं उतरवायचं, आपल्या भाषेत ‘सुधारून’ नाही. ‘मुलांना लिंग-वचन कच्चं आहे’ या नोंदीतून काहीही हाती लागत नाही. ‘माझी पुस्तक, माझा घर, मी काम केला’ अशी लिहिलीत तर चार दिवसांनी त्यात काहीतरी दिसायला लागतं. आपण काय समजावलं आणि त्यावर मुलं गप्प बसली, हसली, की भलतंच काहीतरी विचारलं, तेही टाका. मुलांचे प्रश्न तर सोनं आहेत. चहा मधला च आणि चाक मधला च एकाच अक्षराने लिहितो तर बोलतो वेगळा का, हे एखादी पाचवीतली मुलगी विचारते आणि आपली तंतरते, ती नोंद हवीच.

दुसरी पायरी: एकच धागा पकडा

दोन आठवड्यांनी त्या नोंदी वाचून काढा. काहीतरी परत परत आलेलं दिसेल. तो तुमच्या ब्लॉगचा पहिल्या काही महिन्यांचा विषय. ‘मराठी भाषा आणि साहित्य’ असला आभाळाएवढा विषय घेऊ नका, कविता, चारोळ्या, दिनविशेष, सुविचार, सगळं एकत्र कोंबलेल्या ब्लॉगमधून लिहिणाऱ्यालाही काही सापडत नाही. ‘घरी हिंदी बोलणाऱ्या मुलांना मराठी शिकवताना’ हा विषय झाला. ‘चौथीत वाचता येतं पण समजत नाही’ हाही झाला. ‘अहिराणी बोलणाऱ्या वर्गात प्रमाण मराठी’ हा तर फार चांगला विषय आहे, आणि तो पुण्यात बसून कुणी लिहू शकणार नाही, जळगाव-धुळ्याच्या शिक्षकानेच लिहायला हवा.

यात एक संधी पण आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांमध्ये मराठी सक्तीची झाली, म्हणजे ज्यांच्या घरात मराठी नाही अशी ढीगभर मुलं आता मराठी शिकतायत आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांचं स्वतःचं बीएड मात्र मराठी ही मातृभाषा असलेल्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून झालेलं. परकी किंवा दुसरी भाषा म्हणून मराठी कशी शिकवायची यावर लिहिलेलं त्या मानाने फारच कमी सापडतं. तिकडे अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात, शनिवार-रविवारी, शिकवणारे बहुतेक हौसेने शिकवणारे आई-बाबा, तेही असं काहीतरी शोधतच असतात. तुमच्या सहावी ब च्या नोंदी कुणाला उपयोगी पडतील याचा अंदाज इथे बसून येत नाही.

तिसरी पायरी: ब्लॉग उघडणं

हा भाग उगाच अवघड करून ठेवलाय, खरं तर अर्ध्या तासाचं काम आहे. ब्लॉगर घ्या किंवा वर्डप्रेस डॉट कॉम घ्या. ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ ला गूगलने घेतलं, फुकट आहे आणि तुमचं जीमेल खातं असेल तर वेगळी नोंदणी पण लागत नाही. वर्डप्रेस दिसायला देखणं, पण फुकटच्या खात्यावर जाहिराती येतात आणि सेटिंग जास्त. नवख्याने ब्लॉगर घ्यावं असं माझं मत. शाळेच्या ईमेलवरून उघडू नका, बदली झाली की तो आयडी तुमच्याबरोबर येत नाही.

पत्ता निवडताना स्वतःचं नाव, शाळेचं नाव, जन्मवर्ष यातलं काही नको, विषय सुचवणारं काहीतरी साधं घ्या जे फोनवर सांगितलं तरी समोरच्याला स्पेलिंग कळेल. मग सेटिंगमध्ये भाषा मराठी करा. तिथेच परवानग्यांचा भाग आहे, ब्लॉग कोण वाचू शकेल ते ठरवायचा: सगळे, फक्त लेखक, किंवा तुम्ही ईमेल देऊन निवडलेले वाचक. सुरुवातीला ‘फक्त लेखक’ ठेवा. म्हणजे कुणी बघत नाहीये या भरवशावर मोकळेपणाने लिहिता येतं, चार-सहा पोस्ट झाल्या आणि वाचून लाज वाटली नाही की मग उघडा करायचा.

थीम पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं असलेली, बस. हलणारी अक्षरं, पडणारी फुलं, घड्याळ, व्हिजिटर काउंटर, हे सगळं २०१५ लाच राहू द्या.

एक बारकी गोष्ट जी नंतर डोक्याला ताप देते. ब्लॉगरमध्ये शीर्षक देवनागरीत दिलं की पोस्टच्या लिंकमध्ये ते येत नाही, नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा असलं काहीतरी होतं, आणि महिन्याभराने कुठली लिंक कशाची तेच कळत नाही. पोस्ट लिहिताना उजवीकडच्या सेटिंगमध्ये पर्मालिंक, म्हणजे पोस्टचा कायमचा पत्ता, म्हणून आहे, तिथे ‘कस्टम’ निवडून रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द टाका, आणि हे प्रसिद्ध करायच्या आधीच करा.

टायपिंगचं रडगाणं

ज्यांचं आयुष्य श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये गेलंय त्यांनी समजून घ्या, ते फॉन्ट वेबवर चालत नाहीत, समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडच पाहिजे, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर अक्षरं देवनागरीतच दिसतात. मोबाइलवर जीबोर्डमध्ये मराठी जोडली की झालं, बोलून टाइप करायची सोय पण त्यात आहे आणि मराठी बऱ्यापैकी ओळखते, विरामचिन्हं मात्र नंतर हाताने टाकावी लागतात. कॉम्प्युटरवर रोजचं लिहायचं असेल तर इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा कीबोर्ड शिकून घ्या, आठवडाभर शिव्या द्याल पण नंतर सुटत नाही. हाताने लिहिलेलं किंवा छापील काही टाइप करायचं जिवावर आलं तर फोटो काढून गूगल ड्राइव्हवर टाका आणि गूगल डॉक्सने उघडा, छापील मराठी मजकूर चांगला उचलतो, हस्ताक्षराचं काही खरं नाही.

आणि कृपा करून ‘दुसर्या’, ‘तर्हा’ असं सोडू नका. दुसऱ्या, तऱ्हा. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची की दाबली की ऱ मिळतो, मग हलन्त, मग पुढचं अक्षर. बाकीच्यांना चालून जाईल हो, भाषेच्या शिक्षकाला चालत नाही. वर्डमधून पोस्टमध्ये चिकटवताना कंट्रोल शिफ्ट व्ही वापरा, नाहीतर वर्डचं सगळं फॉरमॅटिंग बरोबर येतं आणि अर्धी पोस्ट लहान अर्धी मोठी दिसते.

चौथी पायरी: पहिली पोस्ट

इथे मात्र घाई करू नका, कारण सगळं इथेच आहे. पोस्टमध्ये तीन गोष्टी यायला हव्यात. वर्गात काय झालं, ते का झालं असावं असं मला वाटतं, आणि आता मी काय करून बघणार. तेवढ्याच. दोनशे-तीनशे शब्द खूप झाले. नमुन्यादाखल एक देते, अशी लिहिता येईल:

*सहावी, इंग्रजी माध्यम, मराठी दुसरी भाषा. आपल्या वस्तूंबद्दल तीन वाक्यं बोलायची होती. हिंदी बोलणाऱ्या घरातली मुलं ‘माझी पुस्तक’ आणि ‘माझा घर’ म्हणत होती, गुजराती घरातली काही मुलं मात्र ‘माझं पुस्तक’, ‘माझं घर’ बरोबर म्हणाली. मी फळ्यावर ‘ते पुस्तक, ते घर’ लिहिलं, सगळ्यांनी वहीत उतरवलं आणि तासाच्या शेवटी परत ‘माझी पुस्तक’.*

*घरी येऊन विचार केला. हिंदीत नपुंसकलिंग नाहीच, पुस्तक तिथे स्त्रीलिंगी आणि घर पुल्लिंगी, म्हणजे मुलं धांदरटपणा करत नाहीयेत, हिंदीचं लिंग बरोब्बर मराठीत आणतायत. गुजरातीत मराठीसारखी तीन लिंगं आहेत आणि हे दोन शब्द तिथेही नपुंसकलिंगीच, म्हणून त्या मुलांना न शिकवता जमलं. मी ‘ते पुस्तक’ लिहून दिलं पण मुलं बोलताना ‘ते’ वापरतच नाहीत, ‘माझं’ वापरतात.*

*पुढच्या आठवड्यात नवीन नाम ‘ते’ बरोबर द्यायचं नाही, ‘माझं’ किंवा ‘चांगलं’ बरोबर द्यायचं, एका दमात म्हणायला लावायचं. आणि हिंदीत वेगळ्या लिंगाचे असलेले शब्द वेगळे काढायचे.*

बघा, यात कुठलाही महान शोध नाही. पण ‘मुलांना लिंग कच्चं’ इथपासून ‘हिंदी घरातल्या मुलांना हे ठरावीक शब्द अडतात’ इथपर्यंत माणूस आला, आणि तो आला कारण लिहायला बसल्यावर ‘का’ चं उत्तर द्यावं लागलं. मनातल्या मनात विचार करताना आपण ‘का’ वरून टुणकन उडी मारतो.

इंग्रजीच्या शिक्षकांचं उदाहरण घ्यायचं तर मराठी माध्यमातली पोरं ‘आय ॲम गो टू स्कूल’ म्हणतात ते घ्या. चूक दाखवून सोडून दिली तर विषय संपला. लिहायला बसलात तर लक्षात येईल की पहिल्या दिवसापासून आपण त्यांच्याकडून ‘आय ॲम अमुक’, ‘आय ॲम इन फिफ्थ स्टँडर्ड’ इतक्या वेळा घोकून घेतलंय की त्यांच्यासाठी ‘आय ॲम’ हा ‘मी’ चाच इंग्रजी शब्द झालाय. मग दुरुस्ती ‘गो’ ची करायची की ‘ॲम’ ची, ते ठरवता येतं. आणि हो, इंग्रजीचे बरेच शिक्षक विचारतात की ब्लॉग इंग्रजीत लिहू का. विचार ज्या भाषेत होतो त्या भाषेत लिहा. स्वतःचं इंग्रजी लिखाण सुधारायचंय हा दुसरा हेतू झाला, तोही चांगला आहे, त्यासाठी पोस्टच्या शेवटी एक परिच्छेद इंग्रजीत लिहा, पण अडखळत इंग्रजी लिहिण्याच्या नादात विचार पातळ करू नका.

एआयकडून पोस्ट लिहून घ्यायची का, हेही हल्ली विचारतात. शुद्धलेखन तपासून घ्यायला हरकत नाही. पण तुमच्या वर्गात ते नव्हतं, ते ‘आनंददायी शिक्षण’ आणि ‘विद्यार्थीकेंद्री वातावरण’ असलं गुळगुळीत काहीतरी लिहून देणार, आणि ते वाचून तुम्हालाच कळणार नाही की हे कुठल्या वर्गाबद्दल आहे.

पाचवी पायरी: काय लिहायचं नाही

मुलांची नावं नाहीत, चेहरे दिसणारे फोटो नाहीत, हजेरी क्रमांक, वहीवरचं नाव, गणवेशावरचा शाळेचा बॅज, काहीच नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ ला आला, त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते असं आहे, पण कायदा नसता तरी मला हेच म्हणायचं होतं. आपण ज्याच्या चुकीबद्दल लिहितोय ते पोर उद्या मोठं होऊन ते वाचेल. छोट्या शाळेत नाव न लिहिताही ओळख पटते, वीस पटाच्या वर्गात ‘नुकतीच कर्नाटकातून आलेली मुलगी’ म्हटलं की गावाला कळलं. मग तपशील थोडा बदला, मुलगीचा मुलगा करा, पाचवीची सहावी करा. वाक्य मात्र बदलायचं नाही, ते जसं बोललं गेलं तसंच. वहीचा फोटो टाकायचा तर फक्त तेवढी ओळ कापून घ्या.

सहकारी, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख यांच्याबद्दलचं गाऱ्हाणं ब्लॉगवर नको. मजा येते लिहायला, मान्य, पण त्याचा शिकवण्याशी संबंध नसतो. शिवाय जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम आहेत, सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे नागरी सेवा वर्तणूक नियम आहेत, सरकारी धोरणावर जाहीर टीका त्यात बसत नाही. एकदा वाचून घ्या. ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे मिळवायचा विचार असेल तर आधी वरिष्ठांना लेखी विचारा. माझं ऐकाल तर जाहिराती नकोतच, त्या आल्या की हिट्स मोजायचा नाद लागतो आणि परत सराव पेपरच्या पीडीएफकडे गाडी जाते.

कॉपीराइटचं थोडक्यात. बालभारतीची अख्खी पानं स्कॅन करून टाकू नका, धड्याचं नाव आणि इयत्ता सांगितली की शिक्षकाला पुरतं. कवितेचा हक्क आपल्या कायद्यात कवी गेल्यानंतर ६० वर्षं असतो. केशवसुत १९०५ ला गेले, बालकवी १९१८ ला, त्यांच्या कविता पूर्ण टाका. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत थांबा, चर्चेपुरत्या दोन ओळी दिल्या तर चालतं.

सहावी पायरी: वाचक

साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. वाचक किती, तर वसतिगृहातली मुलं. १९२८ ला ‘विद्यार्थी’ मासिक निघालं ते नंतर. तुम्हालाही सुरुवातीला चार वाचक पुरे आहेत, फक्त ते चार तीच भाषा शिकवणारे असू द्या. ‘निवडलेले वाचक’ हे सेटिंग त्यासाठीच वापरायचं.

ब्लॉग सगळ्यांसाठी उघडलात की लिंक तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाईल आणि खाली ‘खूप छान सर’, ‘अप्रतिम मॅडम’ आणि हात जोडलेले इमोजी येतील. उघडून कुणीच वाचलेलं नसतं. खरा प्रतिसाद हवा तर पोस्टच्या शेवटी असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर वर्गात डोकावल्याशिवाय देता येत नाही. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारू नका. ‘तुमच्या वर्गातली हिंदी घरातली मुलं दूध आणि पाणी कसं वापरतात, त्यांचं एक-एक वाक्य लिहून पाठवाल का?’ असं विचारा. दहातले दोघे पाठवतात, पण ती दोन वाक्यं कामाची असतात. तेजस प्रकल्पात, म्हणजे २०१६ ला ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकार यांनी मिळून इंग्रजीच्या शिक्षकांसाठी जे टॅग गट, म्हणजे एकत्र बसून शिकायचे शिक्षकांचे छोटे गट, काढले होते त्यात ज्यांनी काम केलंय त्यांना ही सवय आहे, एकमेकांच्या वर्गातलं घेऊन बसायची. तुमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत भाषेसाठी वेळ मिळाला तर तिथे पोस्ट वाचून दाखवा, पीपीटीपेक्षा लोक जास्त ऐकतात.

कमेंट मॉडरेशन, म्हणजे तुम्ही मंजूर केल्यावरच कमेंट दिसायची सोय, चालू ठेवा, नाहीतर कर्जाच्या आणि लॉटरीच्या जाहिराती पोस्टखाली लटकतात.

सातवी पायरी, जी बहुतेक लोक करत नाहीत

जुन्या पोस्टवर परत जायचं. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलं होतं की पुढच्या आठवड्यात अमुक करून बघणार. केलं का? काय झालं? ते त्याच पोस्टच्या खाली तारीख टाकून लिहा, वरचं काही न खोडता. वरच्या नमुन्यात असं काही येईल:

*आठ दिवसांनी: ‘माझं घर’ बऱ्यापैकी बसलं. लिहिताना ‘माझं पुस्तक’ पण बरोबर येतंय, भरभर बोलताना मात्र परत ‘माझी’. वेळ मिळाला तर बरोबर, घाईत हिंदी. म्हणजे माहिती आहे पण सवय नाही. आता वहीतला सराव थांबवून बोलण्याचे खेळ वाढवते.*

माझ्या मते ब्लॉगने शिक्षकाचा खरोखर काही विकास होत असेल तर तो या जागी होतो. नुसते प्रयोग जाहीर करणारे ब्लॉग खूप आहेत, ‘आज मी वर्गात शब्दांची भेंडी घेतली, मुलांना खूप आनंद झाला’. आनंद झाला ते ठीक, पण शब्द राहिले का? पंधरा दिवसांनी त्यातले किती आठवले? ते लिहायचं म्हटलं की आपण बघायला लागतो, आणि बघायला लागलो की आपल्याच लाडक्या उपक्रमांपैकी काहींचा काहीही उपयोग होत नाही हे कळतं. ते जरा टोचतं. लिहा तरी.

यासाठी लेबलं वापरा. ब्लॉगरमध्ये प्रत्येक पोस्टला लेबल देता येतं, सामान्यरूप, लिंग, उच्चार, वाचन अशी थोडीच ठेवा, आणि ‘पुढे काय झालं बाकी’ असं एक लेबल कराच. पाठपुरावा लिहून झाला की ते काढून टाकायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका लेबलखालच्या सगळ्या पोस्ट सलग वाचा, जूनमधलं आपलं मत मार्चमध्ये कुठे सरकलं ते दिसतं, आणि तो माल एखाद्या शैक्षणिक मासिकातल्या लेखाला किंवा कृतिसंशोधनाला, म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवर केलेल्या संशोधनाला, सरळ वापरता येतो. कृतिसंशोधन म्हणजे फेब्रुवारीत घाईघाईने जुळवायचं बाड अशी जी आपल्याकडे समजूत आहे तिच्यापेक्षा हे बरंच बरं.

वेळ कधी काढायचा

पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, ‘आजच्या आज पाठवा’ वाले मेसेज, हे सगळं मला माहितीये. रोज लिहायचा संकल्प करू नका. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी जेवून झोपायच्या आधी चाळीस मिनिटं, आठवड्याला एक पोस्ट, तीही नाही जमली तर पंधरवड्याला एक. एका शनिवारी नवीन पोस्ट, दुसऱ्या शनिवारी जुन्या पोस्टचा पाठपुरावा असं आलटून पालटून केलं तर जड जात नाही. सत्र परीक्षा, निवडणुकीची ड्यूटी, सर्वेक्षण असेल तेव्हा सरळ बंद ठेवा आणि परत आल्यावर ‘खूप दिवसांनी लिहितोय, क्षमस्व’ असलं काही लिहू नका, थेट विषयावर या. दिवाळीत आणि मे महिन्यात सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप उतरवून घ्या, एक फाइल मिळते तिच्यात सगळ्या पोस्ट आणि कमेंट असतात, ती पेनड्राइव्हवर नाहीतर स्वतःला ईमेल करून ठेवा.

पहिल्या नोंदीला काहीच सुचत नसेल तर यातलं एक उचला. या आठवड्यात कुठल्या मुलाने असं वाक्य बोललं जे चुकीचं होतं पण त्यामागचं लॉजिक बरोबर होतं? फळ्यावर तीनदा समजावूनही काय बसलं नाही? धड्यातला कुठला शब्द तुमच्या गावच्या मुलांना माहितीच नव्हता, आणि त्याच वस्तूला त्यांच्या घरी काय म्हणतात? वर्गात एरवी न बोलणारं मूल कुठल्या कामाच्या वेळी बोललं? तुम्ही स्वतः शाळेत असताना भाषेच्या तासाला जे नावडतं होतं ते आज तुम्ही मुलांकडून करून घेता का, आणि का? शेवटचा प्रश्न मी नवीन लोकांना मुद्दाम देते, बरेच जण तो आधी टाळतात आणि डिसेंबरात कधीतरी लिहितात.